ऑक्सिजनचा आकडा आणि श्वासाची रेघ

करोनाच्या साथीत ठाण्यातल्या घराघरांत पल्स ऑक्सिमीटर पोहोचला आणि ‘९८ म्हणजे सगळे ठीक’ हे समीकरण पक्के झाले. त्यामुळे मुलाच्या टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेआधी नौपाड्यातले आईवडील भूलतज्ज्ञाला हमखास विचारतात, “आत ऑक्सिजनवर लक्ष असेल ना, डॉक्टर?” लक्ष असतेच, परंतु रक्तात ऑक्सिजन असणे आणि मुलाचा श्वास चालू असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या पाहणारी यंत्रेही वेगळी आहेत.

ऑक्सिमीटर बोटातून, तान्ह्या बाळाच्या बाबतीत बहुधा तळपायातून, लाल आणि अवरक्त प्रकाश पाठवून किती टक्के हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटला आहे ते सांगतो. कॅप्नोग्राफ उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजतो. प्रत्येक उच्छ्वासागणिक पडद्यावर सपाट माथ्याची एक टेकडी उमटते आणि तिची उंची, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा दाब, सर्वसाधारणपणे ३५ ते ४५ मिमी पारा असते.

खरा फरक दिसतो तो भुलेत श्वास देण्यासाठी घशातून घातलेली नळी श्वासनलिकेऐवजी अन्ननलिकेत गेल्यास. आधी मास्कमधून दिलेल्या ऑक्सिजनचा साठा फुप्फुसांत असल्याने ऑक्सिमीटर काही काळ निवांत १०० दाखवत राहतो, पण कॅप्नोग्राफची रेघ काही श्वासांतच आडवी होते. मुलांना हा साठा पुरत नाही, कारण तान्हे बाळ वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला ६ ते ८ मिली, म्हणजे प्रौढाच्या साधारण दुप्पट ऑक्सिजन वापरते आणि भुलेत त्याच्या फुप्फुसांतली शिल्लक हवाही घटते. आकडा ९०च्या खाली गेला की पुढची घसरण वेगाने होते, आणि तीही यंत्र जरा उशिराच कळवते.

उलटही घडते. बाळाची श्वासनलिका जेमतेम ४-५ सेंमी लांब असल्याने मान पुढे वाकली तरी नळी खाली सरकून एकाच, बहुधा उजव्या, फुप्फुसाच्या वाटेला लागते. तेव्हा टेकड्या जवळपास तशाच राहतात आणि आकडा उतरतो. (गार पडलेल्या बोटानेही आकडा फसवतो, म्हणून आधी बोट पाहणे बरे.)

पावसाळ्यात, मिळालेली तारीख हुकू नये म्हणून, मुलाची सर्दी सांगायची टाळली जाते. अशा मुलाचे स्वरयंत्र भुलेत अचानक आवळले जाऊ शकते, आणि त्या वेळी टेकड्या आधी नाहीशा होतात, आकडा मागाहून कोसळतो.