फ्रिजचा धोका: घरातून आकाशाकडे आणि तिथून भंगाराकडे

घरगुती उपकरणाचा पर्यावरणाशी काय संबंध, असे कोणी विचारू लागण्याच्या कितीतरी आधी प्रश्न होता तो एवढाच, की उपकरण घरातल्या माणसांच्या जिवावर तर उठणार नाही ना. पहिल्या विजेच्या फ्रिजमध्ये शीतक, म्हणजे आतली उष्णता बाहेर वाहून नेणारा वायू, म्हणून अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड वापरत, आणि हे तिन्ही वायू विषारी होते. बर्लिनमध्ये एक कुटुंब अशाच गळतीने दगावल्याची बातमी वाचून आल्बर्ट आइन्स्टाइन आणि लिओ झिलार्ड यांनी १९२६ च्या सुमारास फिरते भाग नसलेल्या, म्हणून न गळणाऱ्या फ्रिजवर काम सुरू केले. त्याचे अमेरिकी पेटंट त्यांना १९३० मध्ये मिळाले, पण तो फ्रिज बाजारात आलाच नाही.

त्याची गरज उरली नाही, कारण दरम्यान जनरल मोटर्ससाठी काम करणाऱ्या थॉमस मिजली आणि सहकाऱ्यांनी १९२८ मध्ये क्लोरोफ्लुरोकार्बन हे उत्तर शोधले होते. नवा वायू विषारी नाही आणि पेटतही नाही, हे दाखवण्यासाठी मिजली यांनी १९३० मध्ये रसायनतज्ज्ञांच्या सभेत तो स्वतः छातीत भरून घेतला आणि फुंकर घालून मेणबत्ती विझवली. त्या काळच्या कसोट्यांवर हे निर्दोष संशोधन होते. कसोट्याच घराच्या भिंतींपाशी संपत होत्या. पुढे फ्रिजच्या भिंतींतला उष्णतारोधक फोम फुगवण्यासाठीही याच कुटुंबातला वायू वापरला गेला आणि अनेक फ्रिजमध्ये नळ्यांतल्यापेक्षा भिंतींतच तो अधिक साठला.

कशाशीही अभिक्रिया न करणे हा या वायूचा गुण, आणि दोषही तोच. जमिनीलगत त्याचे विघटन होत नाही, म्हणून तो वातावरणाच्या वरच्या थरापर्यंत शाबूत पोहोचतो. तिथे अतिनील किरणांनी त्यातला क्लोरीन सुटा होतो आणि ओझोनचे रेणू मोडत राहतो. रसायनशास्त्रज्ञ मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी १९७४ मध्ये हे मांडले तेव्हा उद्योगाने ते बराच काळ केवळ तर्क म्हणून बाजूला सारले. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनची मोठी घट प्रसिद्ध झाली आणि दोनच वर्षांत, १६ सप्टेंबर १९८७ रोजी, अशा वायूंना आवर घालणारा माँट्रियल करार झाला.

मात्र या वायूची जागा घेण्यासाठी आलेला एचएफसी-१३४ए (क्लोरीन नसलेल्या हायड्रोफ्लुरोकार्बन गटातला वायू) ओझोनला निरुपद्रवी असला, तरी शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक उष्णता अडवणारा निघाला. यातून वाट काढली ती एकेकाळच्या पूर्व जर्मनीतल्या, बंद पडण्याच्या बेतात असलेल्या एका कारखान्याने. ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेच्या पुढाकाराने शार्फेनश्टाइन येथील या कारखान्यात प्रोपेन आणि ब्यूटेनच्या मिश्रणावर चालणारा फ्रिज तयार झाला आणि १९९३ मध्ये विक्रीला आला. हे वायू ज्वालाग्राही आहेत, असा इशारा बड्या उत्पादकांनी ग्राहकांना दिला खरा, पण घरगुती फ्रिजला असा वायू साधारणतः शंभर ग्रॅमहूनही कमी पुरतो, आणि लवकरच तेही याच मार्गाने गेले. एचएफसी टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा किगाली येथील करार त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २०१६ मध्ये झाला.

विजेचा प्रश्न स्वतंत्रपणे, १९७३ च्या तेलसंकटातून पुढे आला. अमेरिकेतला नवा फ्रिज त्या सुमारास वर्षाला साधारण १,८०० युनिट वीज खात असे. आधी कॅलिफोर्नियाने आणि १९८७ नंतर संघराज्याने घातलेल्या मर्यादांमुळे २००१ पर्यंत हा आकडा ५०० च्या आसपास आला, आणि तोही फ्रिज आकाराने मोठे होत गेले असताना. युरोपने सक्तीबरोबर लेबलाचाही आधार घेतला; पण तिथली ए ते जी ही श्रेणी अपुरी पडून ए-प्लसच्या रांगा लागल्या, त्यामुळे २०२१ मध्ये मोजपट्टी पुन्हा पहिल्यापासून आखावी लागली.

जुन्या उपकरणाचे काय करायचे, याचा भार बराच काळ नगरपालिकांवर आणि भंगारवाल्यांवर होता. स्वीडनच्या थॉमस लिंडक्विस्ट यांनी १९९० मध्ये मांडलेल्या 'विस्तारित उत्पादक जबाबदारी'च्या कल्पनेने तो कारखान्याच्या दारात नेला. विल्हेवाटीचा खर्च बनवणाऱ्यावर पडला, तर तो सुटे करायला सोपे उपकरण बनवील, हा त्यामागचा हिशेब. जपानचा घरगुती उपकरणांच्या पुनर्वापराचा कायदा २००१ मध्ये लागू झाला, तर युरोपने २००३ मध्ये ई-कचऱ्याचा नियम आणला आणि जुलै २००६ पासून नव्या उपकरणांतील शिसे, पारा, कॅडमियम यांसारख्या घटकांवर मर्यादा घातल्या. प्रत्यक्षात खर्च बहुतेक ठिकाणी सर्व उत्पादकांमध्ये वाटला जातो, त्यामुळे चांगली रचना करणाऱ्याला वेगळा लाभ मिळत नाही आणि मूळ हिशेबातली धार बोथट होते.

दुरुस्तीचा मुद्दा सर्वांत उशिरा आला. मार्च २०२१ पासून युरोपीय संघात फ्रिजचे थर्मोस्टॅट, तापमानाचे सेन्सर आणि सर्किट बोर्ड हे सुटे भाग किमान ७ वर्षे, तर दरवाज्याचे रबर किमान १० वर्षे उपलब्ध ठेवणे उत्पादकांना बंधनकारक झाले. कॉम्प्रेसर मात्र त्या यादीत नव्हता.