बोअरचं पाणी, कन्हानची रेती आणि शांत स्वभावाचे आफ्रिकन सिक्लिड

नागपुरात बोअरचं पाणी म्हटलं की लोकं तोंड वाकडं करतात, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि मे संपता संपता कूलरच्या गवतावर पांढरा खरखरीत थर बसतो तो वेगळाच. पण आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे सिक्लिड, म्हणजे टँकमध्ये पाळायचे रंगीत मासे, पाळायचे असतील तर हेच पाणी कामाचं आहे. त्या सरोवराचा पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा (७ म्हणजे मधलं), साधारण ७.७ ते ८.६, माझ्या घरच्या बोअरचा ८.१. तिथलं पाणी आपल्याइतकं जड नाही, तरी हे मासे जड पाण्यात छान राहतात.

पाण्याचं जमून गेलं, माझी चूक झाली ती मासे निवडताना. पहिल्यांदा मी एका दुकानातून ‘मिक्स आफ्रिकन’ म्हणून दहा पिल्लं आणली, त्यात तीन पिवळी, काळ्या पट्ट्यांची, सगळ्यात देखणी. ते ऑराटस नावाच्या भांडखोर जातीचे होते. सहा-सात महिन्यांत त्यातला एक नर काळा पडला आणि टँकच त्याची झाली, बाकीचे मासे फाटलेल्या परांनी हीटरच्या मागे उभे राहायचे, त्यातले चार मेले. मला आजही त्याचं वाईट वाटतं, कारण आणण्याआधी थोडं वाचलं असतं तर हे टळलं असतं.

तेव्हापासून मी रंगाआधी माशाचं पोटापाणी बघतो. सरोवरातले खडकावर राहणारे बरेच सिक्लिड, ज्यांना तिथले लोक म्बुना म्हणतात, दगडावरचं शेवाळ खरवडून खातात. शेवाळ जागेवरच उगवतं म्हणून जागा राखावी लागते, आणि मादीला बोलवायलाही नराला तीच जागा लागते. संत्र्याच्या बागेला कुंपण घालतात, मोकळ्या गवताच्या रानाला कोण घालतं? जो मासा फिरून फिरून किडे-अळ्या वेचतो त्याला घासासाठी हद्द राखायची गरज कमी, म्हणून तो त्या मानानं शांत.

असा पहिला म्हणजे यलो लॅब. हाही म्बुनाच, पण खडकांच्या फटीतल्या अळ्या, गोगलगायी खाणारा. याच्या शास्त्रीय नावातल्या सेरुलियस शब्दाचा अर्थ निळा, कारण सरोवरात बहुतेक ठिकाणी हा पांढरट-निळसर असतो, पिवळे फक्त थोड्या भागात सापडतात. दुसरा पीकॉक, आणि याच्यावर माझा खरा जीव आहे. हा रेतीच्या अगदी वर, बोटभर अंतरावर, काहीही न हलवता उभा राहतो. आईनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाली, “झोपला का रे हा?” झोपला नव्हता, ऐकत होता म्हणा ना. त्याच्या जबड्याखाली बारीक खळगे असतात, रेतीत अळी वळवळली की पाण्यात जी हालचाल होते ती त्या खळग्यांना कळते, आणि मग एकदम तोंड रेतीत खुपसून घास, कल्ल्यांतून रेती बाहेर. जाड टोकदार खडे टाकले तर हा बिचारा शिकार करणार कशी? म्हणून बारीक, कन्हान नदीची रेती, पाणी नितळ होईपर्यंत धुतलेली. दगड मात्र आधी काचेवर मांडा, मग रेती, कारण हे मासे उकरतात आणि वरचा दगड घसरतो.

४ फूट लांब, दीड-दीड फूट रुंद-उंच टँकमध्ये साधारण २५५ लिटर पाणी मावतं. त्यात सहा यलो लॅब आणि पीकॉकचा एक नर, चार माद्या एवढं पुरे. पीकॉकच्या दोन जाती एकत्र नको, माद्या सगळ्या करड्या आणि सारख्याच दिसतात, मग संकर होतो.

आता पीएचची दुसरी बाजू. माशांच्या घाणीतून अमोनिया येतो, तो पीएच ७ ला बहुतेक सगळा निरुपद्रवी रूपात असतो, पण २८ अंशांच्या पाण्यात पीएच ८.४ झाला की शेकडा १५ च्या आसपास विषारी रूपात जातो. फिल्टरमधले बॅक्टेरिया या अमोनियाचं आधी नायट्राइट (तेही विषारीच) आणि मग कमी घातक नायट्रेट करतात, म्हणून ते जमायला चार ते सहा आठवडे द्या, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की मगच मासे, तेही थोडे थोडे. नळाचं पाणी वापरत असाल तर अँटीक्लोरीन टाकायला विसरू नका.

आणि उन्हाळा. नवतपात बाहेर ४५ अंश, टँक ३३ ला. २५ अंशांच्या पाण्यात लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ ला सातच्याही खाली, म्हणून एअर पंप इन्व्हर्टरवर हवाच. झाकण काढून जाळी ठेवायची आणि पाण्यावर पंखा लावायचा, दोन-तीन अंश उतरतात, आपली हवा कोरडी म्हणून जमतं, मुंबईत एवढं जमणार नाही. फक्त उडतं ते पाणी, क्षार मागेच राहतात, कूलरसारखंच. म्हणून रोजची भर आरओच्या पाण्यानं आणि दर आठवड्याला चौथाई पाणी बदल.

एखादी लॅब मादी खायला आली नाही, गळ्याखाली फुगलेली दिसली तर घाबरून औषध टाकू नका. तिच्या तोंडात अंडी आहेत. साधारण तीन आठवडे ती पिल्लं तशीच सांभाळते, जवळजवळ काही न खाता. माझी पहिली मादी बाविसाव्या दिवशी दगडाआड गेली, तोंड उघडलं, आणि तिळाएवढ्या डोळ्यांची अकरा पिल्लं मी टॉर्च लावून मोजली.