पीएचडीचा अर्ज: आधी विषय आवळा, मग फॉर्म भरा

रत्नागिरी-सिंधुदुर्गातली बरीच मुलं पीएचडीचा फॉर्म निघाला की आधी दाखल्यांमागे धावतात. दाखले मिळतात हो, पण गाडी अडते ती संशोधन आराखड्यापाशी. म्हणून सुरुवात तिथूनच करा.

‘कोकणातील मच्छीमारांच्या समस्या’ असा विषय घेतलात तर डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत किती बंदरं फिरणार? तो आवळत न्या. जागा मालवण तालुका, माणसं रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून रापण हे मोठं जाळं ओढून मासे पकडणारे. पर्ससीनवर (मासळीच्या थव्याला वेढून पकडणाऱ्या मोठ्या जाळ्यावर) निर्बंध घालणारा राज्य सरकारचा आदेश ५ फेब्रुवारी २०१६ चा आहे. त्याच्या आधीची पाच आणि नंतरची पाच वर्षं घ्या. आता प्रश्न नेमका झाला: आदेशानंतर रापणीला मिळणारी मासळी वाढली का? एलईडी दिव्यांच्या उजेडाने मासे गोळा करून होणाऱ्या मासेमारीचा परिणाम यातून वेगळा कसा काढणार, तेही आराखड्यात लिहावं लागेल. आणि नोंदी? रापण संघांच्या वह्या, मच्छीमार सोसायट्यांचे हिशेब, मत्स्यव्यवसाय विभागाचे आकडे. फॉर्म भरण्याआधी एकदा जाऊन ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून या. वह्याच हाती लागणार नसतील तर प्रश्न आत्ताच बदला, नोंदणीनंतर ते फार जड जातं.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के हवेत. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रिमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सवलत आहे. चार वर्षांच्या पदवीवरून थेट येणार असाल तर ७५ टक्के लागतात. प्रवेश नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा विद्यापीठाच्या परीक्षेतून, पुढे मुलाखत. मुदत कमीत कमी तीन, जास्तीत जास्त सहा वर्षं. विषय आवळायचा तो याच हिशेबाने.

कागदपत्रं नेहमीचीच: गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, परीक्षेचा निकाल, लागू असल्यास जातीचा दाखला, जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर. दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्यांनी मायग्रेशन (स्थलांतर) प्रमाणपत्र काढून ठेवावं. नोकरी सांभाळून अर्धवेळ करणाऱ्यांनी ना-हरकत प्रमाणपत्राचा मजकूर नीट वाचावा. परवानगी आहे, संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी (पीएचडीतल्या सक्तीच्या अभ्यासक्रमासाठी) कामातून मोकळं केलं जाईल, हे तिन्ही त्यात हवं.

मार्गदर्शकांना आधीच भेटा. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगीला सहा, सहायकाला चारच विद्यार्थी घेता येतात, त्यामुळे जागा आहे का ते विचारा. विषय शेवटी संशोधन सल्लागार समिती पक्का करते. तिने शीर्षक आणखी आवळायला सांगितलं तर बिचकू नका; वह्या पाहून आला असाल तर कुठे कापायचं ते तुम्हाला लगेच सांगता येईल.