लाळ्या-खुरकुताची लस आणि प्रतिजैविकांचा हिशेब

बडोद्याच्या मराठी घरांत श्रीखंडासाठी लावलेले विरजण कधी लागत नाही, तेव्हा दोष थंडीला दिला जातो; परंतु आजारी जनावराला टोचलेल्या प्रतिजैविकाचा अंश दुधात उतरला असेल, तरीही विरजणातील जिवाणू वाढत नाहीत. लस रोगच टाळते, म्हणून प्रतिजैविकांची गरजही कमी करते; लसीकरणाकडे या बाजूने पाहण्याची दृष्टी मात्र अलीकडची आहे.

भारतात जनावरांच्या लसीकरणाचा पाया बुळकांडी या गुरांच्या जीवघेण्या विषाणूजन्य रोगाने घातला. १८८९ मध्ये पुण्यात स्थापन होऊन १८९३ मध्ये मुक्तेश्वरला गेलेल्या सरकारी प्रयोगशाळेत, १९२० च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी हा विषाणू बकऱ्यांमधून पुन्हा पुन्हा नेऊन गुरांसाठी सौम्य केला. १९५४ मध्ये देशव्यापी मोहीम सुरू झाली आणि २०११ मध्ये जग बुळकांडीमुक्त जाहीर झाले. तोवर लसीचा हिशेब वाचलेल्या गुरांत होई, वाचलेल्या औषधांत नव्हे.

दरम्यान प्रतिजैविके स्वस्त झाली. १९०७ मध्ये बडोद्यात सुरू झालेल्या अलेम्बिक या औषध कंपनीनेही पुढे पेनिसिलिन बनवले. पण अपुऱ्या मात्रेने जिवाणू औषधाला निर्ढावतील, म्हणजे त्यांच्यात प्रतिरोध येईल, असा इशारा पेनिसिलिनचे शोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्येच दिला होता.

लसीचा आणि प्रतिरोधाचा संबंध सर्वांत स्पष्ट दिसतो तो लाळ्या-खुरकुतात, ज्याला इथले गुजराती पशुपालक खरवा-मोवासा म्हणतात. हा रोग विषाणूचा असल्याने प्रतिजैविक त्याला काहीच करीत नाही. तरीही तोंडातील, खुरांमधील आणि सडांवरील फोड फुटून जखमांत जिवाणू शिरतात, कधी कासही सुजते, आणि मग इंजेक्शनांचा सपाटा सुरू होतो. लस मूळ रोगच टाळत असल्याने ही पुढची साखळी सुरू होत नाही. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने १९८२ मध्ये हैदराबादला इंडियन इम्युनॉलॉजिकल्स उभारली ती याच लसीसाठी, अर्थात तेव्हा डोळ्यांसमोर दूधच होते.

वाचलेल्या औषधांचा हिशेब मांडून दाखवला तो नॉर्वेतील सामन माशांच्या शेतीने: १९८७ मध्ये तिथे सुमारे ५० टन प्रतिजैविके लागत, आणि मुख्यतः परिणामकारक लसींमुळे १९९० च्या दशकातच हा वापर जवळजवळ संपला. भारतात २०१९ मध्ये लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस (जनावरांत गर्भपात घडवणारा जिवाणूजन्य रोग) यांविरुद्ध १३,३४३ कोटी रुपयांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिन या प्रतिजैविकावर बंदी आली.

तथापि दुभत्या जनावरांना प्रतिजैविके मोठ्या प्रमाणावर दिली जातात ती कासदाहासाठी, म्हणजे कासेच्या सुजेसाठी, आणि अनेक प्रकारच्या जिवाणूंनी होणाऱ्या या रोगावर लसीचा आधार अजून तोकडाच आहे. तिथे धारेपूर्वी कास धुणे आणि धारेनंतर सड जंतुनाशकात बुडवणे यांवरच भिस्त राहते.