लहान लेकरांशी बोलणं-वागणं (सातारा-सांगली भाग आणि इतर समाज)

शाळेत जायच्या आधीच्या वयातल्या लेकराशी घरची माणसं कशी बोलतात, कशी खेळवतात, कामाच्या वेळी त्याला कुठं ठेवतात, हे सगळं या विषयात येतं. हे ठरतं घरात माणसं किती, काम कसलं आणि आईच्या हाताला उसंत किती यावर, त्यामुळं सगळ्या आयांना एकाच मापानं मोजणं चुकीचंच आहे.

सातारा-सांगलीकडच्या खेड्यात तान्ह्या बाळाशी भरपूर बोलणं होतं ते न्हाऊ घालताना. आजी नाहीतर मालिशवाली बाई पाय लांब करून बसते, बाळाला पायावर घेते, तेल चोळते, कढत पाणी घालते आणि तोंडानं "झालं झालं, आता गाई गाई करायची हं" असं चालूच असतं, मग ओव्याची धुरी, तीट आणि झोळी. पुढं मम्मं, भूर, जोजो, हम्मा, भूभू हे शब्द येतात. भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकरांनी १९६४ मध्ये मराठीतल्या या बाळबोलीवर इंग्रजीत लेख लिहिला आणि त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांमधली बाळबोली ताडून बघितली, त्यात मराठी होती. सोपे आवाज, तेच अक्षर दोनदा, आणि विषय म्हंजे खाणं, झोप, जनावरं, नातीगोती, हे बऱ्याच ठिकाणी सारखं निघालं.

पण सगळीकडं असं बोलत नाहीत. पापुआ न्यू गिनीतल्या कालुली लोकांत आई बाळाला समोरच्या माणसाकडं तोंड करून धरते आणि बारीक आवाजात त्याच्या वतीनं स्वतःच बोलते, पण वाक्यं मोठ्या माणसांचीच, बोबडी नाहीत. (आपल्याकडंही सून बाळाला कडेवर घेऊन "आज्जी, आम्ही आलो बघा" म्हणतेच की!) सामोआतही मोठी माणसं बाळासाठी भाषा सोपी करत बसत नाहीत, आणि केनियातल्या गुसी आया रडणाऱ्या बाळाला लगेच जवळ घेऊन शांत करतात पण डोळ्यात डोळे घालून गप्पा फारशा मारत नाहीत. तरी ही सगळी पोरं बोलायला शिकतातच. मानसशास्त्रज्ञ बार्बरा रोगॉफ आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ग्वाटेमाला, अमेरिका, तुर्कस्तान आणि राजस्थानातलं ढोल की पाटी अशा चार ठिकाणची एक-दोन वर्षांची मुलं अभ्यासली, त्यात ग्वाटेमालातल्या माया नावाच्या समाजातल्या आणि राजस्थानातल्या मुलांचा मोठ्यांचं काम बघत बघत शिकण्यावर भर दिसला.

आता परिस्थितीचं बघा. गळीत हंगामात बीडकडून, तसंच जतसारख्या दुष्काळी तालुक्यातून ऊसतोड टोळ्या येतात, नवराबायको मिळून एक कोयता (म्हंजे कामाची एक जोडी) धरतात, मुकादमाकडून उचल म्हंजे आगाऊ पैसे घेतलेले असतात म्हणून खाडा परवडत नाही. कोपी म्हंजे राहायची झोपडी अंधारातच सोडायची, बाळ उसाच्या फडाच्या कडेला साडीच्या झोळीत, आणि बघायला आठ-दहा वर्षांची बहीण, जिची स्वतःची शाळा सुटलेली असते. या आईला माया कमी आहे असं म्हणणारा माणूस फडावर कधी गेलेला नसतो. मोळ्या बांधता बांधता ती लांबून हाक देत राहते, दूध पाजायला येते तेवढ्यात पोराशी बोलून घेते, कमी पडतो तो वेळ, आणि पाळणाघर कामाच्या जागेजवळ असेल तर तो वेळ थोडा तरी मिळतो.

विटा-आटपाडीकडच्या गलाई कुटुंबांचं वेगळंच आहे. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी ती तमिळनाडू, केरळ अशी देशभर पसरलीत, तिथं पोरगं घरात मराठी आणि गल्लीत तिथली भाषा ऐकतं, आजी फोनवर, आणि सुट्टीत गावी आलं की चुलत भावंडांमध्ये आठवडाभरात गावाकडचं बोलायला लागतं.