चुंबक चिकटलं नाही म्हणजे सोनं अस्सल?

‘चुंबक चिकटलं नाही तर सोनं खरं,’ हा फॉरवर्ड जुनाच. सोनं चिकटत नाही हे बरोबर. पण तांबं, पितळ, चांदीही चिकटत नाहीत आणि भेसळ बहुधा त्यांचीच असते. चिकटतात ते मुख्यतः लोखंड, निकेल, कोबाल्ट. उलट अस्सल साखळीचा हूक चिकटू शकतो, कारण आतली स्प्रिंग पोलादी असते.

विट्याच्या गलाईवाल्यांच्या (सोनं-चांदी गाळून शुद्ध करणाऱ्यांच्या) सांगली जिल्ह्यात तरी घनता तपासावी. आधी दागिन्याचं वजन करा. मग ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. दागिना दोऱ्याने पूर्ण बुडवा, तळाला टेकवू नका, बुडबुडे झटका. वजनाला दिसलेल्या आकड्याने भागलं की घनता मिळते. १० ग्रॅम २२ कॅरेटला सुमारे ०.५६ दिसेल, तांब्याला १.१. पोकळ किंवा खड्यांच्या दागिन्याला ही रीत चालत नाही. टंगस्टन या धातूची घनता शुद्ध सोन्याइतकीच, १९.३, तो संशय असेल तर ही रीत पुरत नाही, कापून, गाळून किंवा अल्ट्रासाउंडने बघावं लागतं.