ठोके सावरणारी गोळी आणि न थांबणारा खोकला

अनियमित ठोक्यांसाठी अमिओडॅरोन घेणाऱ्या माणसाला कोरडा खोकला लागला, जिना चढताना धाप लागू लागली, की पहिला संशय हृदयावर जातो. हृदय थकलं असेल, वयही झालंय, असं म्हणून लघवी होण्याच्या गोळ्या वाढवल्या जातात. बऱ्याचदा ते बरोबरच असतं. पण कधीकधी दोष त्या ठोक्यांच्या गोळीचाच असतो आणि तो ओळखण्यात मोलाचे महिने निघून जातात.

हे औषध १९६१ मध्ये बेल्जियममध्ये तयार झालं, तेही छातीतल्या कळांसाठी. ठोके ताळ्यावर आणण्याचा त्याचा गुण पुढे लक्षात आला. इतर औषधं हात टेकतात तिथे ते आजही जीव वाचवतं, म्हणून त्याला खलनायक ठरवणं मला पटत नाही.

त्याच्या रेणूच्या वजनात सुमारे ३७ टक्के आयोडीन असतं आणि ते चरबीत सहज विरघळतं. त्यामुळे चरबी, यकृत, फुप्फुसं अशा ठिकाणी ते साचत राहतं. शरीरातला साठा निम्मा व्हायला सरासरी ५८ दिवस लागतात, काहींना त्याहून कितीतरी जास्त.

फुप्फुसातल्या वायुकोशांना आतून एक स्निग्ध थर असतो. जुना झालेला थर गिळून पचवायचं काम तिथल्या भक्षक पेशी करतात. अमिओडॅरोन या पेशींच्या पचनकप्प्यांत शिरून अडकतं आणि स्निग्ध पदार्थ तोडणारं विकर बंद पाडतं. न पचलेली चरबी साचत जाते आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी फेसानं भरल्यासारख्या दिसतात. मात्र अशा पेशी दिसल्या म्हणजे आजार झालाच असं नाही, औषध घेणाऱ्या निरोगी फुप्फुसांतही त्या सापडतात. काहींमध्ये पुढे दाह होतो, आणि दाह रेंगाळला की वायुकोशांच्या भिंती जाड आणि ताठ होतात. तो व्रण मग भरून येत नाही.

दिवसाला ४०० मिलिग्रॅम किंवा जास्त मात्रा, दीर्घकाळचं सेवन, साठीपुढचं वय आणि आधीपासूनचा फुप्फुसाचा आजार यांनी धोका वाढतो. कमी मात्रेतही तो शून्य होत नाही. औषध सुरू करतानाच छातीचा एक्स-रे आणि फुप्फुसांची तपासणी करून ठेवावी, म्हणजे पुढे तुलना करता येते. रक्तात वायू किती सहज मिसळतो हे मोजणारी चाचणी तर फार उपयोगी. सीटी स्कॅनमध्ये आयोडीनमुळे बाधित भाग, कधीकधी यकृतही, नेहमीपेक्षा पांढरं दिसतं.

निदान झालं की डॉक्टर शक्यतो औषध बदलतात आणि त्रास जास्त असेल तर स्टेरॉइड देतात. गोळी मनानं बंद करू नका, ठोके पुन्हा बिघडू शकतात. स्टेरॉइडही बरेच महिने चालवावं लागतं, कारण गोळी थांबली तरी साठलेलं औषध फुप्फुसात उरलेलंच असतं. मात्रा घाईनं उतरवली तर तोच खोकला पुन्हा डोकं वर काढतो.